नागपूरच्या थंडीत अंगणातले गिनीपिग सुस्त का बसतात, आणि त्यांना पळतं कसं ठेवायचं

बेसा भागातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. परसात पिंजऱ्यात दोन माद्या आहेत, दोन वर्षांच्या. पावसाळ्यापासून रोज सकाळी सातला त्यांना जाळीच्या कुंपणात गवतावर सोडायची सवय. डिसेंबर लागला तशा त्या कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहतात. पळणं नाही, उड्या नाहीत. घरात सासऱ्यांना दमा आहे, चाऱ्याची धूळ चालत नाही, म्हणून आत घेता येत नाही. मिस्टरांनी पिंजऱ्यात शंभरचा बल्ब लावलाय, शेजारच्या काकू स्वेटर विणून देते म्हणतात, आणि इंटरनेटवर वाचलं की १५ अंशांखाली यांना बाहेर ठेवूच नये. मग करायचं काय?

ताई, मी एका महाविद्यालयाच्या प्राणीगृहात २२ वर्षं काम केलं. गिनीपिग, ससे, पांढरे उंदीर, सगळ्यांचं खाणंपिणं आणि साफसफाई माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर मानेवाड्याच्या घरी अंगणात गिनीपिग पाळतो, सध्या पाच आहेत. मी पशुवैद्य नाही. औषधाचं जे असेल ते डॉक्टरांनाच विचारा. पण यांचं बसणं, उठणं, खाणं इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे काही गोष्टी खात्रीनं सांगू शकतो.

तुम्ही विचारलंय की त्यांना हलतं कसं ठेवायचं. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न हा आहे की त्या थंडीनं बसल्यात की दुखण्यानं. दोन्हींत जनावर सारखंच दिसतं: केस फुगलेले, पाठ गोल, डोळे अर्धे मिटलेले. फरक कळतो तो वेळेवरून. सकाळी सातला नागपुरात ९-१० अंश असताना गिनीपिग अंग फुगवून बसला तर तो शहाणपणा करतोय. केसांत हवा धरून ऊब वाचवतोय. तोच गिनीपिग दुपारी बाराला, उन्हात २५-२६ अंश असताना, समोर सांबार (कोथिंबीर) टाकला तरी तसाच बसला असेल, तर ती थंडी नाही. म्हणून सकाळचं बघून काळजी करू नका, पण दुपारचं मात्र रोज न चुकता बघा. तुमच्या प्रश्नात त्या दुपारी कशा असतात ते आलेलं नाही, म्हणून मी पुढे दोन्ही शक्यता धरून लिहितो.

परदेशातला सल्ला इथे जसाच्या तसा का लागत नाही, तेही सांगतो. तिकडच्या थंडीत दिवसभर पारा ४-५ अंशांवर असतो आणि आठवडे ऊन दिसत नाही. तिथे १५ अंशांखाली आत घ्या हे बरोबर आहे. आपल्याकडे थंडी पहाटेची आहे. रात्री १०-१२ अंश, कडाका आला तर त्याहून खाली, आणि दुपारी २७-२८. एकाच दिवसात पंधरा-सोळा अंशांचा चढउतार. कडाका म्हणजे किती, तर २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता. तसले दिवस थोडे असतात, पण येतात, आणि सोय आधीच करून ठेवावी लागते. गिनीपिगला सगळ्यात मानवतं ते १८ ते २४ अंश. म्हणजे आपल्या हिवाळ्यात रोज काही तास त्यांना अगदी हवी तशी हवा मिळते. पुण्या-मुंबईच्या लोकांना यांच्यासाठी मे महिन्यात काळजी, आपल्याला तर मार्चपासूनच. हिवाळा हा नागपुरात गिनीपिगचा त्यातल्या त्यात चांगला काळ आहे, फक्त दिवसाची मांडणी बदलायला हवी.

मांडणी म्हणजे काय ते समजून घ्या. गिनीपिग स्वभावानं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतो. पावसाळ्यात तुम्ही सकाळी सातला सोडत होता ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. पण हिवाळ्यात दिवसातली सगळ्यात थंड वेळ नेमकी उजाडतानाची असते. डिसेंबर अखेरीस सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो आणि त्यानंतरही तासभर गारठा हलत नाही. शिवाय गवतावर दव. यांचे पाय आखूड, पोट जमिनीला टेकतं. दवात पाच मिनिटं फिरलं की पोटाखालचे केस चिंब होतात, आणि ओले केस ऊब धरत नाहीत. तुमच्या माद्या कोपऱ्यात जाऊन बसतात ते बहुतेक यामुळेच. त्याउलट संध्याकाळ बघा. सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो तेव्हाही जमीन तापलेली असते, हवा २२-२३ अंशांवर असते, गवत कोरडं असतं. यांची हिंडायची दुसरी वेळ तीच. म्हणून हिवाळ्यात पहाट सोडून द्या आणि संध्याकाळ धरा. मी नोव्हेंबरच्या मध्यापासून असं करतो: सकाळी साडेनऊ-दहाला गवत हातानं चाचपून कोरडं लागलं की पहिली फेरी, दुपारी बारा ते अडीच सावलीत आराम, साडेतीनपासून सूर्य बुडेपर्यंत मोठी फेरी. वेळ बदलली की दोन-चार दिवस बावरतात, मग साडेतीनला दाराशी येऊन शिट्या मारायला लागतात.

दुपारच्या आरामाबद्दल एक सांगतो, कारण ही चूक हिवाळ्यात हमखास होते. थंडी आहे म्हणून लोक पिंजरा भर उन्हात ठेवून ऑफिसला जातात. यांना घाम येत नाही. सावलीत २८ अंश असताना टिनाच्या छपराखाली किंवा काचेच्या पेटीत त्याच्या कितीतरी वर जातं. डिसेंबरातही उष्माघात होऊ शकतो. कुंपणाच्या निम्म्या भागावर नेहमी सावली असू द्या. उन्हात बसायचं की सावलीत, ते त्यांना ठरवू द्या.

आता जागा. तुम्ही लिहिलंय की पिंजरा घराच्या मागे न्हाणीच्या भिंतीशी, उत्तरेला आहे. सगळ्यात आधी ही जागा बदला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे भिंत जितकी उंच तितकीच लांब तिची सावली. बारा फुटी घराच्या उत्तरेची बारा फूट जागा ऐन हिवाळ्यात ऊन बघत नाही. त्यात न्हाणीची ओल. पिंजरा दक्षिण किंवा आग्नेय बाजूला आणा, तोंड तिकडेच करा, आणि पाठ उत्तरेला करून तिथे फळी किंवा जाड पुठ्ठा ठोका, कारण गार वारा त्या बाजूनं येतो. विटांवर ठेवून जमिनीपासून अर्धा फूट उचला. फरशीवर नुसता पिंजरा ठेवला तर फरशी रात्रभर खालून ऊब खेचते.

ओलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते मी फार महाग शिकलो. घरी पाळायला लागलो त्या पहिल्या हिवाळ्यात कडाका पडला आणि मी घाबरून पिंजरा चारी बाजूंनी ताडपत्रीनं बांधून टाकला. आत हात घातला की ऊबदार वाटायचं, मला बरं वाटलं. सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असायचे, तिकडे मी लक्ष दिलं नाही. त्यांच्या श्वासाची वाफ आणि लघवीचा उग्र वास, दोन्ही आत कोंडलेलं. आठवड्याभरात दोघी शिंकायला लागल्या, नाकाशी ओल, श्वास घेताना टक-टक आवाज. एक वाचली. दुसरी, माझ्याकडची सगळ्यात हुशार मादी, तिसऱ्या दिवशी गेली. बावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाच्या हातून हे झालं. प्राणीगृहात हवा खेळती ठेवायची सोय इमारतीतच होती, त्यामुळे तिचं महत्त्व मला कधी जाणवलंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम: कोरडी थंडी चालेल, दमट ऊब चालणार नाही. तीन बाजू झाका, दक्षिणेची वरची तीन-चार बोटं पट्टी कायम उघडी ठेवा. सकाळी आतून हात फिरवून बघा. ओल लागली तर आणखी उघडा.

आत काय घालायचं? तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर पाच-सहा इंच तणस, म्हणजे भाताचा पेंढा. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तणस आपल्याकडे मिळतं. खायला त्यात फारसा कस नाही, पण त्याची नळी आतून पोकळ असते, ऊब छान धरते. खायचं गवत वेगळं द्या, ते वर. तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) अंथरू नका, टोचतं आणि धूळ फार. आरामशीनचा बारीक भुसा तर नकोच, नाकात जातो. पोतं घालायचं असेल तर आत नको, छपरावर बाहेरून टाका. आत घातलं तर सुतळ्या चावून गिळतात, बोटांना गुंडाळल्या जातात. आणि जुन्या गोधड्या ट्रंकेतून काढून पिंजऱ्यावर घालणार असाल तर आधी तीन-चार दिवस कडक उन्हात टाका. डांबरगोळीचा वास यांना बाधतो.

पिंजऱ्याच्या आत झोपायला आणखी एक खोली हवी, आणि ती लहान हवी. हे लोकांना उलटं वाटतं. मोठी जागा पळायला, लहान जागा झोपायला. संत्र्याची जुनी लाकडी पेटी मिळाली तर उत्तम. खिळे काढा, उलटी घाला, तोंड म्हणून एक भोक पाडा, दोघी जेमतेम मावतील एवढी. ती तणसानं ठासून भरा. त्या स्वतः आत बोगदा करतात. मी एकदा तापमापक आत सरकवून पाहिलं होतं: बाहेर ९, पेटीत दोघी झोपलेल्या असताना १५. ही ऊब त्यांच्याच अंगाची. म्हणून गिनीपिग एकटा असेल तर हिवाळ्यात बाहेर ठेवू नये असं मी सांगतो. तुमच्या दोघी आहेत ही फार चांगली गोष्ट आहे.

शंभरचा बल्ब आजच काढा. मिस्टरांची काळजी मला समजते, पण तणस आणि तापलेला बल्ब एका खोक्यात म्हणजे आगीला आमंत्रण. वायर कुरतडली तर शॉक. रात्रभर उजेड असला तर त्या नीट झोपत नाहीत. आणि रात्री दोनला लाइन गेली तर ऊबेची सवय झालेलं जनावर एकदम गारठ्यात पडतं. शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं जवळ ठेवू नका, त्यातून निघणारा वायू बंद जागेत माणसालाही मारतो. शेकोटीचा धूर पिंजऱ्याकडे जात नाही ना, तेही बघा. गरम पाण्याच्या पिशवीबद्दल लोक विचारतात. अकराला ठेवलेली पिशवी चारपर्यंत गार होते, आणि खरी थंडी त्यानंतर पडते, तेव्हा तीच पिशवी अंगाखाली गारगोटीसारखी असते. कुणी उठून बदलणार असेल तरच ठेवा, तीही जाड कापडात गुंडाळून पेटीबाहेर. काकूंना सांगा की त्यांच्या मायेबद्दल आभार, पण स्वेटर नको. केस दबले की त्यांतली हवा जाते, लोकर चावली जाते, आणि अंगावर काही बांधलं की हे प्राणी भेदरून जागचे हलत नाहीत.

१५ अंशांच्या नियमाचं माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. धडधाकट, मोठ्या, जोडीनं राहणाऱ्या, कोरड्या आणि वाऱ्यापासून झाकलेल्या जागेत असतील, आणि थंडी वाढताना बाहेरच असल्यामुळे सवय झाली असेल, तर १०-१२ अंशांची रात्र त्या काढतात. माझ्या काढतात. पण गाभण मादी, महिन्या-दीड महिन्याच्या आतली पिल्लं, चार-पाच वर्षांपुढचे म्हातारे, आजारातून उठलेले, बिनकेसांच्या जातीचे, आणि दुकानातून नुकतेच आणलेले, यांना रात्री बाहेर अजिबात नाही. तुमच्या दोघींसाठीसुद्धा पारा १० च्या खाली जाणार असेल त्या रात्री झाकलेली जागा हवी. घरात नको म्हणता ते बरोबर, पण जिन्याखालची जागा, मागची पडवी, सामानाची खोली? जिथे गाडी सुरू करता तिथे मात्र नको, धूर कोंडतो. आणि हलवायची ती सूर्यास्ताच्या सुमारास, आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं असतं तेव्हा. सकाळी परत तशीच वेळ साधा, साडेनऊनंतर. रात्री बाराला काकडलेली बघून उचलून एकदम गरम खोलीत आणायची आणि पहाटे परत बाहेर ठेवायची, हा झटका गारठ्यापेक्षा वाईट.

हे प्राणी मूळ अँडीज पर्वतातले, मग थंडीचं एवढं काय, असंही कुणी म्हणेल. तिकडची डोंगराळ घरं हजारो वर्षं यांना पाळतात, पण कुठे? स्वयंपाकघरात, चुलीच्या आसपास. रानातले यांचे भाईबंद दाट गवतात आणि बिळांत कळपानं राहतात. हे थंडीत झोपी जाणारे प्राणी नाहीत. त्यांना हिवाळाभर खाऊन आणि हलूनच ऊब करावी लागते.

म्हणून आता खाणं. यांची शेगडी पोटात आहे. यांचं आंधळं आतडं मोठं असतं, त्यात जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून ऊब तयार होते. गवत भरपूर असेल तर ती शेगडी रात्रभर चालते. हिवाळ्यात मी गवत दीडपट ठेवतो, विशेषतः संध्याकाळी. सकाळी उठल्यावर गव्हाणीत गवत उरलेलं दिसलं पाहिजे. हरळी, म्हणजे दूर्वा, सावलीत वाळवून ठेवलेली चालते, मारवेल चालतं, बाजारातलं टिमोथी गवताचं पाकीट परवडत असेल तर छानच. लसूणघास आणि बरसीम हिवाळ्यात स्वस्त मिळतात, पण त्यांत कॅल्शियम जास्त. मोठ्यांना रोज दिलं की मूत्रमार्गात खडे होतात. पिल्लांना आणि गाभणीला ठीक. थंडीत ‘गरम’ म्हणून बाजरी, गूळ, तीळ देऊ नका. तिळगूळ तर मुळीच नाही, पोट फुगून जनावर जातं. ओल्या हरभऱ्याचा पाला मोह पाडतो, पण त्यावरची आंब यांच्या पोटाला झेपत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी एवढं लांब लिहायला बसलो. ‘थंडीनं बसलेत’ म्हणून माझ्याकडे विचारायला आलेल्यांपैकी बरेच गिनीपिग थंडीनं बसलेले नव्हते, त्यांचे सांधे दुखत होते. माणसासारखाच गिनीपिगही क जीवनसत्त्व अंगात बनवू शकत नाही. ते रोज बाहेरून मिळावं लागतं, किलोभर वजनाला दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम. दोन-तीन आठवडे कमी पडलं की सांधे सुजतात, केस रखरखीत होतात, हिरड्या नाजूक होतात, आणि जनावर हलेनासं होतं. उचललं की ओरडतं. पावसाळ्यात त्यांना हिरवं गवत भरपूर असतं, त्यातून भागतं. नोव्हेंबरात गवत वाळायला लागतं, आपण पाकिटातल्या गोळ्यांवर येतो, आणि त्या गोळ्यांतलं क जीवनसत्त्व साठवणीत उडून जातं. बनल्याच्या तारखेला तीन महिने उलटले असतील तर त्यावर भरवसा नको. मग डिसेंबरात सांधे धरतात, आणि दोष थंडीला जातो.

उपाय स्वस्त आहे. मध्यम सिमला मिरचीचा पाव भाग प्रत्येकीला रोज, साधारण ३० ग्रॅम. हिरवीत १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, लाल झालेलीत त्याहून जास्त. बरोबर मूठभर सांबार, काड्यांसकट. आठवड्यातून दोनदा जांबाची (पेरूची) बोटाएवढी फोड, जांबात ते फार असतं पण साखरही असते. संत्र्याच्या गावात राहून संत्रं द्यायचं नाही का, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. द्या, आठवड्यातून दोनदा एकेक फोड, बी काढून. त्याहून जास्त आंबटानं ओठांच्या कडा फुटतात. आवळा यांना सहसा आवडत नाही, आवडला तर नखाएवढा काप पुरे. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकू नका. उजेडात ते निकामी होतं, वर चव बदलल्यामुळे त्या पाणी पिणं कमी करतात. पाणीही हिवाळ्यात असं द्या की त्यांना प्यावंसं वाटेल: सकाळी आणि संध्याकाळी कोमट. रात्रभर गार झालेलं पाणी त्या टाळतात आणि लघवी घट्ट होते.

इथपर्यंत थोडक्यात: पिंजरा दक्षिणेला, कोरडा, पेटी लहान, बल्ब बाहेर, फिरणं दुपारी-संध्याकाळी, सिमला मिरची रोज. एवढं झालं की पळवायचं कसं ते सोपं होतं.

गिनीपिग उगाच पळत नाही. मोकळ्या जागेची त्याला भीती वाटते, घार आणि मांजर यांची धास्ती त्याच्या रक्तातच आहे. मोठं रिकामं अंगण दिलं तर तो भिंतीला चिकटून बसेल. त्याला दोन गोष्टी हव्यात: लपायला जवळजवळ जागा, आणि एका जागेहून दुसरीकडे जायचं कारण. माझं कुंपण चार बाय आठ फुटांचं आहे. एका टोकाला गवताचा ढीग, दुसऱ्या टोकाला पाणी आणि भाजी. मधे दोन-दोन फुटांवर पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे एक मागे लागली तर दुसरी अडकत नाही. सहा इंची पाइपचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला. चार इंची घेऊ नका, मोठी मादी त्यात अडकते. भाजी ताटलीत देऊ नका. सांबाराच्या काड्या, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला दहा ठिकाणी टाका, थोडं खोक्यावर, थोडं पाइपात, थोडं जाळीला बांधून मान वर करावी लागेल असं. सकाळची भाजी पिंजऱ्यात न देता कुंपणातच द्या. पोट भरून बाहेर पडलेली मादी फिरत नाही. रोज एकच गोष्ट हलवा, एखादं खोकं किंवा पाइप. सगळं एकदम बदललं तर त्या घाबरतात, काहीच बदललं नाही तर कंटाळतात. चाक मात्र आणू नका. उंदरासाठी बनलेल्या चाकात यांची पाठ मोडते.

पंधरा-वीस मिनिटांत तुम्हाला दिसेल: आधी एक नाक बाहेर काढेल, मग खोक्यातून खोक्यात धाव, मग दोघी मागोमाग. आणि एखाद्या संध्याकाळी ऊन तिरपं झालं असताना जागच्या जागी उडी मारून हवेतच अंग फिरवतील. ती उडी दिसली की समजा, जनावराला काही दुखत नाही. माझ्याकडे डिसेंबर-जानेवारीत ती मे महिन्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते.

सोडण्याआधी कुंपणात एक नजर टाका. अर्धा इंची जाळी वरूनही हवी, मांजर आणि मुंगूस दोन्ही दिवसा येतात. रात्री घूस खालून पोखरते, म्हणून पिंजऱ्याच्या तळालाही जाळी ठोका आणि वर लाकडी पाट टाका, नुसत्या जाळीवर चालून पायांना जखमा होतात. संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस रोज गवत हातानं विंचरा. आपल्या नागपुरात पतंग किती उडतात ते तुम्हाला माहीत आहे. मांजाचा वीतभर तुकडा पायाला गुंडाळला तरी पाय जातो, गिळला तर जीव. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ भरून पाऊस किंवा गारा येतात, त्या दिवशी बाहेर सोडणं बंद. पडवीत चटई टाकून तीच खोकी मांडा.

वजन करा. स्वयंपाकाच्या काट्यावर, दर रविवारी, त्याच वेळी, वहीत लिहून. केसांमुळे डोळ्यांना काही कळत नाही, काटा आठ दिवस आधी सांगतो. आठवड्यात ५० ग्रॅम कमी झालं तर रोज वजन करा, १०० झालं तर डॉक्टर. पुढच्या गोष्टींत तर थांबूच नका: अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्या लहान किंवा बंद झाल्या, नाकातून पाणी, श्वासाचा आवाज, कान आणि पाय हाताला थंडगार लागणं. थंडगार पडलेल्या गिनीपिगला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरा आणि तसेच निघा. गरम पाण्यात बुडवू नका, हीटरसमोर धरू नका. आणि घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप कृपा करून पाजू नका. अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडानं दिली की यांच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि गिनीपिग सर्दीनं नाही, औषधानं जातो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात यांचा अनुभव असेलच असं नाही, फोन करून आधी विचारा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येतं.

उद्यापासून असं करा, ताई. सकाळी सातला सोडू नका. पिंजरा हलवा, बल्ब काढा, दोघींचं वजन लिहा. दुपारी साडेतीनला कोरड्या गवतावर सांबाराच्या काड्या पसरून सोडा आणि शेजारी शांत बसून अर्धा तास बघा. दोघी खात फिरल्या तर तुमच्या माद्या ठणठणीत आहेत. एक फिरली आणि दुसरी जागेवरच बसली, तर तिला हळूच उचलून मागच्या पायांचे गुडघे चाचपा. सुजलेले वाटले किंवा ती ओरडली, तर परवाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला दाखवा, आणि जाताना दुसरीलाही बरोबर घ्या. एकटी नेली तर ती वाटेतच जास्त भेदरते.